वळण नसलेल्या गावात

आठवडाभर मी पोरांचे दात सरळ करते.
तारा आवळते, रबरं बदलते,
"अजून आठ महिने" म्हणते. त्यांच्या आया
मान हलवतात, हप्ता भरतात.
घरी येते तीही सरळ रस्त्यानं:
रूट चौतीस, पेट्रोल पंप, बँक,
सिग्नल, सिग्नल, मका.

ऑस्वेगोतले रस्ते कुणीतरी पट्टी ठेवून आखलेत.
दर मैलाला एक आडवा, एक उभा,
सगळा इलिनॉय चौकटीची वही.
मी मात्र मे महिन्यात, एक्केचाळिसाव्या वर्षी,
एका घाईतल्या नर्सकडून जुनी सुझुकी घेतली,
तिला नवे टायर घातले,
आणि सप्टेंबरपर्यंत नाकासमोर चालवली.
टायर मधोमध गुळगुळीत झाला.
कडांवरचे रबरी केस तसेच,
जावळ न काढलेल्या बाळासारखे.

शेजारचा ड्वेन प्रिबिल ते बघून हसला.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस.
"वळणं हवीत तुला?" म्हणाला,
"माझी पोरं जिथं ओकायची, तिथं जा."

मग पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर,
तेलाचा डाग चुकवत, त्यानं नकाशा काढला.
फॉक्स नदीला धरून खाली. जुन्या पुलापाशी
कर्टिस उलरिकचा नाश्ता, दर मंगळवारी.
पुढे दफनभूमीला वळसा, तिथं नॉर्डस्ट्रॉम बहिणी:
आधी धाकटी, मग तिला बघून थोरली.
"आणि इथं," पेन्सिल थांबली, "मी स्वतः.
ब्याण्णव साली. बस रिकामी होती."
पट्टीवाले नदीपर्यंत आले असतील,
बूट चिखलात रुतले असतील,
पुढचं त्यांनी गाईंवर सोपवलं असेल.
असं त्याचं म्हणणं.

घरापासून चौदा मिनिटं.
बारा वर्षं राहते मी इथं. चौदा मिनिटं!

पहिल्या वळणावर घाबरले.
ट्रॅक्टरची माती, सांडलेली खडी.
शिकवणारी बाई म्हणाली होती,
जिकडे बघशील तिकडे जाशील.
मी बघितलं कुणाच्या तरी टपालपेटीकडे
आणि जेमतेम टपालात पडायची वाचले.

दुसऱ्याला हनुवटी आधी वळवली,
रस्त्याच्या त्या भागाकडे जो अजून दिसत नव्हता.
उजवीकडे जायचं तर उजवी मूठ
पुढे ढकलायची; ऐकताना थापच वाटली होती.
ढकलली.
गाडी कलली, मका तिरका झाला,
नदी खांद्याला लागून गेली,
आणि हेल्मेटच्या आत मी
कराडच्या भाषेत काहीतरी ओरडले,
जे इथं लिहीत नाही.

आई म्हणायची, हिला काही वळण नाही.
माझं अक्षर, माझं बसणं, दार आपटणं.
तिचीही पट्टी होती, लाकडी,
एका टोकाला शाईनं निळी.
फोनवर तिला सांगितलं नाही मी गाडीचं.
"आज काय केलंस?" "नदीवर गेले होते."
"एकटी?" "हो."
"भाजी काय केलीस?"

ड्वेनच्या जागेवर उतरले होते क्षणभर.
काही नाही तिथं. तारेचं कुंपण,
एक गाय, रस्ता स्वतःलाच बघायला
मागे वळल्यासारखा.
इंजिन गार होताना टिकटिकत होतं.

परतले तर तो गॅरेजच्या दारात
खुर्ची टाकून बसलेला. आधी टायर बघितला,
वाकून, चष्मा कपाळावर चढवून.
एका कडेचं जावळ निघालं होतं. उजव्या.
"डावीकडे अजून भितेस," म्हणाला.
"पोटात कालवतंय," म्हटलं.
तो खूश झाला.
म्हणाला, शुक्रवारी आणखी एक पिझ्झा मागव,
मोठा.
ते तर नुसतं सकाळच्या फेरीचं होतं.